बी ड्राइव्हमधले मानकरी

मोरगाळीची लक्ष्मीची जत्रा सत्तावीस वर्षांनी भरवायची ठरली आणि तिसऱ्याच दिवशी गावात असं निघालं की, गेल्या जत्रेत ओटीच्या रांगेत पहिल्या पाचात असलेली घरं एकूण सदतीस होती.

हिंडलग्याच्या पुढं आत वळलं की लागणारं हे गाव तसं शहाणं. निम्मं शेतात असतं, निम्मं बेळगावात नोकरीला, आणि भांडायला रविवार सोडून कुणाला सवड नसते. पण लक्ष्मी गदगेवर, म्हणजे जत्रेपुरत्या बांधलेल्या चौथऱ्यावर, बसली की प्रत्येक घरच्या बाईनं क्रमानं जाऊन ओटी भरायची, हा इथला रिवाज. पहिली ओटी पाटलांच्या घरची, त्याबद्दल कुणाचं म्हणणं नाही. दुसरी कुणाची, इथून पुढं सगळ्यांचं म्हणणं. वरची आळी म्हणे मान आमचा, कारण आमची घरं आधी वसली. खालची आळी म्हणे मान आमचा, कारण देऊळ आमच्या अंगाला. जत्रा वर्षाला असती तर क्रम लोकांच्या अंगवळणी पडला असता. सत्तावीस वर्षांत माणसाला जेवढं सोयीचं तेवढंच आठवतं.

देवळातल्या बैठकीत हे सगळं दोन तास चाललं, आणि मग रवळू आप्पा उभे राहिले. आप्पा म्हणजे चौतीस वर्षं हायस्कुलात हेडक्लार्क. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेनानं आता फक्त दुधाच्या कॅलेंडरवर खुणा व्हायच्या, पण खिशातली जागा त्यानं सोडली नव्हती. आप्पांनी घसा साफ केला आणि सांगितलं की गेल्या जत्रेची यादी त्यांनी स्वतः शाळेच्या कंप्युटरवर चढवली होती, ती अजून त्यांच्याकडं आहे, आणि ती सगळ्यांसमोर आणून ठेवतो.

गेल्या जत्रेत भांडण झालं नव्हतं ते त्यामुळंच. तेव्हा गावात कंप्युटर एकच होता आणि त्याच्याशी वाद घालायचं धाडस कुणात नव्हतं. आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे आणि लोक त्याच्याशीही भांडतात.

वरच्या आळीचे जोतिबा उठून म्हणाले, "आठ दिवस घ्या आप्पा. आठ दिवसांत यादी न्हाय आली, तर आम्ही आमच्या आठवणीवर जाणार. आणि आमची आठवण लई पक्की हाय."

आप्पांनी मान डोलावली. त्यांना काळजी नव्हती. त्यांचं स्वतःचं घर त्या यादीत तिसरं होतं. हे त्यांनी सत्तावीस वर्षांत जावयांना, व्याह्यांना, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं होतं. गेल्या खेपेस ओटी त्यांच्या आईनं भरली होती. या खेपेस पाळी यशोदाबाईंची, आणि पुढची जत्रा कधी, हे देवीलाच ठाऊक. यशोदाबाईंचे गुडघे गेले दोन पावसाळे कुरकुरत होते. आप्पांनी त्यांना शब्द देऊन टाकला होता की, तिसरा नंबर आहे, सकाळी नऊच्या आत मोकळी होशील, उन्हात तिष्ठायला लागणार नाही. यशोदाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तिसरा? नक्की नव्हं?" आणि आप्पा दुखावले. हेडक्लार्कला नक्की का म्हणून विचारायचं नसतं.

यादी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. दोन फ्लॉप्या, वर आप्पांच्या वळणदार अक्षरात जावक क्रमांक, १/९८ आणि २/९८. एकीत यादी चालवणारा प्रोग्राम, दुसरीत यादी. इथवर सगळं आप्पांच्या कीर्तीला साजेसं झालं.

सून माधवी बेळगावात शिक्षिका. तिनं आपला लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून दाखवला. "मामा, ह्यात हे जायला वाटच न्हाय."

वाट शोधायला आप्पा बेळगावच्या खडेबाजारात गेले. पहिल्या दुकानातल्या माणसानं फ्लॉपीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला, आप्पांचाही काढला. दुसऱ्यानं आतून वडलांना हाक मारली, वडलांनी फ्लॉपी हातात घेऊन उसासा टाकला आणि ती परत दिली. तिसऱ्यानं विचारलं की लग्नाची कॅसेट आहे का, असली तर पेनड्राइव्हवर घालून देतो. आप्पांना आपण दुकानात नसून कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखं वाटायला लागलं. मग त्यांना धनपाल अण्णा आठवले.

धनपाल अण्णा निपाणीचे. नव्वदच्या सुमाराला त्यांनी तिथं कंप्युटरचा क्लास काढला होता आणि आप्पांना हा प्रोग्राम त्यांनीच करून दिला होता. क्लास केव्हाच बंद होऊन त्या जागी ठिबकच्या नळ्यांचं दुकान झालं होतं. पण अण्णांनी आयुष्यात वायरचा तुकडाही टाकला नव्हता. त्यांनी कपाटातून मऊ फडक्यात बांधलेलं फ्लॉपी वाचायचं यंत्र काढलं, आप्पांनी सोबत आणलेल्या माधवीच्या लॅपटॉपला जोडलं, आणि ते यंत्र मिक्सरात खोबरं घातल्यासारखं ओरडायला लागलं. दहा मिनिटांत दोन्ही फ्लॉप्या जशाच्या तशा लॅपटॉपात उतरल्या. आप्पा उठायला लागले, तर अण्णांच्या घरच्या लक्ष्मीबाई वहिनींनी त्यांना साडेपाचलाच ताटावर बसवलं, कारण त्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. मोरगाळीला पोचल्यावर आप्पा नऊ वाजता पुन्हा जेवले. एका यादीपायी दिवसात दोनदा रात्रीचं जेवण, याची नोंद त्यांच्या पोटानं दोन दिवस ठेवली.

निघताना धनपाल अण्णांनी सांगून ठेवलं होतं की हा प्रोग्राम आजच्या कंप्युटरवर उघडणार नाही, त्याला त्याच्या काळातलं डॉस लागतं, आणि ते हल्ली कंप्युटरच्या पोटात एक खोटा कंप्युटर उभा करून त्यात चालवतात. माधवीनं रविवारी व्हिडिओ बघत बघत तो उभा केला. आप्पांनी यशोदाबाईंना समजावून दिलं की हा पोटभाडेकरू आहे. घर आपलं, वीज आपली, पण त्याची चूल वेगळी, आणि मालकाच्या घरात काय काय आहे याचा त्याला पत्ता नसतो.

"भाडं देतो का?" यशोदाबाईंनी विचारलं.

भाडं तो देत नव्हता. तो मागत होता. काळ्या पडद्यावर प्रोग्राम उघडला, देवीचं नाव आलं, आप्पांचं नाव आलं, 'यादी' वर बोट दाबलं, आणि खाली इंग्रजीत ओळ उमटली की बी ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घाला.

शाळेच्या त्या कंप्युटरला फ्लॉपीच्या दोन खाचा होत्या, वरची ए आणि खालची बी. एकीत प्रोग्राम, दुसरीत यादी. पोटभाडेकरूला खाच एकच दिली होती. त्यामुळं तो एकाच खाचेला आळीपाळीनं ए आणि बी म्हणत होता. माधवीनं कुठं तरी जाऊन पहिली फ्लॉपी काढल्यासारखं केलं, दुसरी घातल्यासारखं केलं, आणि पडद्यावर एक नाव आलं. एकच. यल्लाप्पा, खालची आळी. पुढचं नाव दाखवायच्या आधी त्यानं पुन्हा ए मागितला. ए दिला, तर बी मागितला. घरं एकशेबारा. मग कुठं तरी अदलाबदल चुकली आणि त्यानं विचारलं की सोडून देऊ, पुन्हा करू, की नापास होऊ. शाळेत उभा जन्म काढलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबला. आप्पांनी चौदा वेळा 'पुन्हा' निवडलं.

हे सगळं शेजारचा मष्णू खिडकीशी उभं राहून बघत होता. मष्णूला कुठलीही गोष्ट पोटात ठेवायची सवय नाही. त्याचं पोट म्हणजे ग्रामपंचायतीचा नोटीस बोर्ड. अर्ध्या तासात खालच्या आळीत यल्लाप्पाच्या दारी फटाक्याची माळ वाजली, कारण कंप्युटरनं पहिलं नाव त्यांचं काढलं होतं. वरच्या आळीनं जाहीर केलं की यंत्र बिघडलंय. संध्याकाळपर्यंत असं झालं की आप्पाच खालच्या आळीला फितूर आहेत, त्यांची मावशी तिकडं दिली होती. ही मावशी आप्पा तिसरीत असताना वारली होती.

मग सल्ले आले. मष्णूचं म्हणणं, लॅपटॉप उलटा करून दोन थापट्या मारा, आमचा टीव्ही तसाच लागतो. एकानं सांगितलं, शिवारात न्या, गावात रेंज नाही. पोस्टातल्या माणसानं विचारपूर्वक सुचवलं की बी ड्राइव्ह नसल्याचा दाखला घेऊन ठेवा, पुढंमागं लागतो. हा सल्ला आप्पांना मनापासून पटला, फक्त तो देणार कोण हे कळेना. एका म्हाताऱ्यानं तर देवीला कौल लावायला सांगितलं. आप्पा म्हणाले, देवीला कौल लावायचा असता तर यादीच कशाला शोधली असती. हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हळूच कानाला हात लावले.

सहाव्या दिवशी जोतिबा दारावरून जाताना मुद्दाम थांबले. त्यांनी आप्पांच्या तब्येतीची विचारपूस केली, पावसाची केली, आणि मग म्हणाले की दोनच दिवस राहिलेत, आम्ही आठवायला सुरुवात केल्याय. आप्पांना जेवण गेलं नाही. चौतीस वर्षांत त्यांनी दिलेली तारीख कधी टळली नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी त्यांनी धनपाल अण्णांना फोन लावला. आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला, कारण दोन्ही हात टंकायला हवे होते. अण्णा हसले. बी खाच नाही म्हणून अडलंय होय? मग त्यांनी उपाय सांगितला. यादीची फ्लॉपी आतल्या सी ड्राइव्हवर 'जत्रा' नावाच्या कप्प्यात उतरवून घ्या. मग डॉसला एक आज्ञा द्या, सब्स्ट नावाची, की बाबा, ह्या कप्प्यालाच इथून पुढं बी म्हण. त्याला खरी खाच लागत नाही. बी म्हणून काहीतरी दाखवलं की त्याचं समाधान होतं.

"म्हंजे दत्तक विधान," आप्पा म्हणाले.

"आयतु!" अण्णा कानडीत म्हणाले. "तसंच. आता मी सांगतो तसं टंका. सब्स्ट. जागा सोडा. बी, दोन टिंबं. जागा सोडा. सी, दोन टिंबं, तिरकी रेघ, डावीकडं कललेली, जत्रा."

आप्पांनी टंकलं. डॉस म्हणालं, चूक. पुन्हा टंकलं. चूक. अण्णांनी निपाणीतून एकेक अक्षर विचारून घेतलं, आप्पांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं, सगळं बरोबर होतं, आणि तरी चूक. अण्णा म्हणाले, कप्पा झालाय का बघा. झाला होता. आप्पा प्रत्येक खेप वहीत लिहून ठेवत होते, वेळेसकट. अकरा नोंदी झाल्या. अण्णांच्या दुकानात मागं कुणीतरी नळीच्या जाडीवरून वाद घालत होतं आणि अण्णा एका तोंडानं दोन्हीकडं उत्तरं देत होते. एकदा तर आप्पांनी 'सोळा एमएम' टंकलं.

यशोदाबाई दाण्याचं कूट घेऊन मागं येऊन उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, फोनमधला आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "अवं, ते डावीकडं म्हनाल्यात. तुमची रेघ उजवीकडं पडल्याय."

आप्पांनी चष्मा पुसला. खरंच. चौतीस वर्षं जावक क्रमांक लिहिणाऱ्या हाताला तिरकी रेघ म्हटलं की एकच ठाऊक, आकडा, रेघ, साल. कान डावीकडं ऐकत होते आणि बोट आपल्या जुन्या ठिकाणी जात होतं. रोज उंबऱ्यावर रांगोळी काढणाऱ्या बाईला मात्र रेघ कुठल्या अंगाला पडली ते आधी दिसतं.

कीबोर्डवर ती दुसरी रेघ शोधायला तीन मिनिटं लागली. सापडली. टंकली. डॉस काहीच बोललं नाही. चूक म्हणालं नाही, बरोबरही म्हणालं नाही. फोनवर अण्णा म्हणाले की गप्प राहिलं म्हणजे ऐकलं. आप्पांनी हे वाक्य मनात टिपून ठेवलं, कारण घरी त्यांचा अनुभव वेगळा होता.

प्रोग्राम उघडला, 'यादी' दाबलं, आणि एकशेबारा घरं एका दमात पडद्यावर उतरली. आप्पांनी अण्णांचे आभार मानून फोन ठेवला आणि चष्मा सावरून वाचायला लागले.

पाटलांची पहिली ओटी ठरलेली, म्हणून ते यादीत नव्हतेच. यादीत पहिला यल्लाप्पा. मग त्याच्या शेजारचं घर. मग त्याच्या समोरचं. मग बोळातली चार. मग वरच्या आळीतलं एकदम शेवटचं घर, आणि तिथून खाली खाली. आप्पांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हा काही मानाचा क्रम दिसत नव्हता. आणि हळूहळू, सत्तावीस वर्षांनी, त्यांच्या पायांना आठवलं. हा त्यांच्या फेरीचा क्रम होता. नावं गोळा करायला ते शाळेची सायकल घेऊन निघाले होते. निघताच यल्लाप्पाच्या दारात ती पंक्चर झाली, म्हणून सुरुवात तिथून झाली. पंक्चर निघेपर्यंत आजूबाजूची घरं लिहिली. मग चढावर पायडल मारायला नको म्हणून सायकल ढकलत वरच्या टोकाला नेली आणि उतारानं घरं घेत खाली आले. वहीत जशी लिहिली तशीच कंप्युटरात गेली, आणि कंप्युटरातून जशी आली तशीच भोंग्यावर पुकारली गेली. साऱ्या गावाचा मान एका खिळ्यानं ठरवला होता.

त्यांचं स्वतःचं घर शेवटी होतं. एकशेबारावं. फेरी संपवून माणूस जातो कुठं? घरी.

आप्पांनी ती शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली. पडद्यावरची रेघ त्या आकड्यापाशी लुकलुकत होती. प्रोग्रामात दुरुस्तीची सोय होती, धनपाल अण्णांनी केलेली आणि चालू स्थितीत. एकशेबाराचं तीन करायला दोन बोटं पुरली असती. कुणाला कळणार? मष्णू त्या वेळी शेतात होता. आणि ही लबाडी तरी कशासाठी, तर मागं उभ्या असलेल्या बाईच्या गुडघ्यांसाठी. आप्पांनी आकडा खोडला. मग त्यांचा हात थांबला. नोंदीत खाडाखोड केली की शेजारी सही करायची असते. आयुष्यभर त्यांनी तसंच केलं होतं आणि दुसऱ्यांकडून करवून घेतलं होतं. आणि ह्या डबड्यात सहीला जागाच नव्हती. त्यांनी एकशेबारा परत टंकलं.

मग न वळताच म्हणाले, "आपला नंबर शेवटचा हाय गं."

"मला ठाऊक हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "मागच्या टायमाला आत्याबाईंच्या संगं ताट धरून मीच हुते की. दिवेलागण झालती."

"मग सत्तावीस वर्षं बोलली न्हाईस?"

"तुम्ही लई हौसेनं सांगत हुता."

आठव्या दिवशी देवळात बसायला जागा नव्हती. आप्पांनी यादी छापून आणली होती, खाली सही, तारीख. वाचायला लागले. वरची आळी आणि खालची आळी अशी काही कुसकरून मिसळली होती की कुणाला आनंदही धडपणे होईना. तरी खालच्या आळीनं माना ताठ केल्या, कारण पाटलांच्या मागोमाग यल्लाप्पा. जोतिबा उठले. त्यांचा आवाज चढला होता. हा क्रम कशाच्या आधारानं, एवढं आप्पांनी सांगावं.

गप्प राहता आलं असतं. सही होती, छापील कागद होता, सत्तावीस वर्षांची धूळ होती. आप्पांनी दोन्ही पेनं चाचपली आणि म्हणाले, "पंक्चरच्या आधारानं."

आणि सगळं सांगितलं. सायकल, खिळा, चढ, उतार, सगळं. शेवटी आपलं घर कितवं तेही सांगितलं, आणि तिसरं म्हणून ज्यांना ज्यांना सांगत आलो त्यांची माफी मागितली. यल्लाप्पाची मान हळूहळू खाली आली. जोतिबा उभेच होते. आप्पांना वाटलं, आता आपली चौतीस वर्षं इथंच पायरीवर ठेवून घरी जावं लागणार.

जोतिबांना आधी हसू फुटलं. मग त्यांना ते आवरेना. यल्लाप्पाच्या घरी मान गेला नव्हता, नुसतं पंक्चर गेलं होतं. म्हणजे वरच्या आळीचा कुणी अपमान केलाच नव्हता. कुणाचाच मान नसलेल्या रांगेत कुणीही कुठंही उभं राहू शकतं. जोतिबा डोळे पुसत म्हणाले, "मग ह्योच क्रम राहू दे. गेल्या टायमाला देवीनं चालवून घेतलाय, आता आम्ही कोण मोडणार?" पाटलांनी मान हलवली, खालच्या आळीनं हलवली, आणि नऊशे माणसांचं भांडण दोन मिनिटांत मिटलं. पुढच्या जत्रेला ह्याच क्रमाला परंपरा म्हणतील आणि त्यावरून कोर्टात जातील, हे आप्पांना तिथंच दिसलं. पण तेव्हाची यादी त्यांना काढावी लागणार नव्हती.

क्रम पक्का झाल्यामुळं आणखी एक झालं, ते कुणाच्या डोक्यात नव्हतं. रांग लावायचं कारणच उरलं नाही. भोंग्यावर नंबर पुकारायचे, दहा घरं आधी निघायचं. ओटीच्या दिवशी यशोदाबाई दुपारी निवांत झोपल्या. शंभरावा नंबर ऐकू आला तेव्हा उठून तोंड धुतलं, नवं लुगडं नेसल्या, आणि ताट घेऊन सावकाश निघाल्या. आप्पा मागून चालले.

दिवसभर गदगेपाशी कार्यकर्ते उभे होते. ओटी भरली, कुंकू लावलं, की चला पुढं, चला पुढं. कुणाला देवीचा चेहराही नीट बघू दिला नव्हता. जोतिबांच्या घरचीला तर नारळ ठेवता ठेवता पुढं सरकवलं होतं. यशोदाबाई पोचल्या तेव्हा मागं कुणी नव्हतं. कार्यकर्ते जेवायला गेले होते. दिवे लागले होते. त्यांनी ओटी भरली आणि तिथंच हात जोडून उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यांचे ओठ हलत होते. मधेच त्या थांबायच्या, काहीतरी आठवल्यासारखं करायच्या, आणि पुन्हा सुरू व्हायच्या. आप्पा खाली पायरीशी त्यांच्या चपला सांभाळत उभे होते.

वीस मिनिटांनी त्या एकेक पायरी उतरत खाली आल्या. आप्पांनी चपला पुढं सरकवल्या आणि विचारलं, एवढा वेळ काय चाललं होतं.

"सगळं सांगितलं," यशोदाबाई चपला घालत म्हणाल्या. "पोरांचं, सुनेचं, गुडघ्याचं. कुणी ढकलत नव्हतं, म्हटलं सावकाश सांगावं."

"आणि माझं?"

"तुमचं शेवटी सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि आप्पांच्या खांद्याचा आधार घेऊन चालायला लागल्या. "शेवटच्याला लई वेळ मिळतो."